थंडीची गाडी

आमच्या कुंदाला घाम येत नाही. असं सांगितलं की लोक हमखास म्हणतात, "बरंय की मग, कपडे खराब होत नाहीत." पूर्वी मी अशा माणसांशी भांडत असे. आता साठी उलटल्यावर तेवढा दम राहिला नाही, म्हणून शांतपणे सांगते, की बाबा रे, तुला घाम येतो म्हणून तू भर उन्हात बाजारात उभा राहू शकतोस. ज्याला तो येत नाही त्याच्या अंगातली उष्णता अंगातच कोंडते. कुंदा चार वर्षांची असताना पुण्याच्या एका डॉक्टरांनी हे आईला पहिल्यांदा समजावून सांगितलं. पोरीच्या कातडीत जन्मापासून घामाच्या ग्रंथीच नाहीत, औषध नाही, जपायचं एवढंच. तोवर दर उन्हाळ्यात तिला ताप भरायचा आणि आई मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढायची. डॉक्टरांचं ऐकल्यावर आईने दृष्ट काढणं सोडलं नाही, पण कुंदाच्या उशाशी पाण्याने भरलेला तांब्या ठेवायला सुरुवात केली. त्या तांब्यातलं पाणी प्यायचं नसे, अंगावर शिंपायचं असे. कुंदा जिथे जाई तिथे तो तिच्यामागे जाई.

आमचं घर बोरीला, मळ्यात. वर पत्रे. पत्र्यांवर आप्पांनी उसाचं पाचट अंथरलेलं, त्यावर दुपारी आई बादलीने पाणी मारायची, आणि पागोळ्या टपटपत असायच्या. भर उन्हाळ्यात आमच्या दारात पागोळ्या ऐकून नवखा माणूस आभाळाकडे बघायचा. कुंदाचा अभ्यास मात्र घरात होत नसे. विहिरीच्या मोटरीतून पाणी सुटलं, की ती लोखंडी खुर्ची उचलून सरळ पाटात नेऊन ठेवी आणि पाय पाण्यात सोडून वाचत बसे. वीज गेली की मोटर बंद, पाट आटला की अभ्यास बंद. मी तेव्हा ओतूरच्या कॉलेजात शास्त्र शाखेला होते. मला नसत्या चौकशा फार. पाय पाण्यात घातल्यावर डोकं कसं थंड होतं, ओला पंचा वाऱ्यावर जास्त गार का लागतो, असलं काहीबाही मी कुंदाला विचारत राही, आणि तीही आपल्याच अंगाकडे परक्यासारखी बघून उत्तरं देई. आई म्हणायची, "पोरगी हाय ती, तुझी बेडकी न्हाई."

दहावीच्या परीक्षेला ती पहिल्या वर्षी एसटीने गेली होती. केंद्र ओतूरला. तिसऱ्या पेपरला परत येताना एसटीत गर्दी, आळेफाट्याच्या अलीकडे गाडी अर्धा तास उभी, आणि तांब्यातलं पाणी संपलेलं. कुंदा सीटवरून खाली घसरली. दवाखान्यात बर्फ लावून तिचा ताप उतरवला, पण पुढचे पेपर गेले ते गेलेच. त्यानंतर आप्पांनी कोणाशी काही न बोलता मामाच्या ओळखीने मुंबईच्या एका गृहस्थाची जुनी पांढरी गाडी आणली. गाडी दिसायला यथातथाच होती, पण तिच्यात एसी होता, आणि आप्पांना गाडी नव्हे, एसीच हवा होता. गावाने तिचं नाव ठेवलं थंडीची गाडी. "आप्पा, थंडीची गाडी कुठं निघाली?" असं पारावरची माणसं विचारायची. आप्पा वरवर रागवायचे, पण दर रविवारी ती फडक्याने पुसून, धुऊन अशी लख्ख करायचे की आमच्या बैलांच्या वाट्यालाही तेवढं कौतुक कधी आलं नसेल.

कुंदा पुन्हा परीक्षेला बसणार होती, त्या वर्षी आमचा हरभरा चांगला आला होता. आमच्याकडे खळी केव्हाच मोडली. हरभरा, हुलगा, सोयाबीन, जे काही असेल ते वाळवून डांबरी रस्त्यावर पसरायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांच्या चाकांखाली मळून घ्यायचं, ही रीत. ड्रायव्हरही ते आपलं काम समजतात. पिकाला वळसा घालून जाणारा माणूस आखडू समजला जातो. त्या आठवड्यात मात्र पुढच्या पुलाचं काम निघाल्याने आमच्या रस्त्याला वाहनंच नव्हती. घाटे फुटेनात. आप्पा कमरेवर हात ठेवून दोन दिवस रस्त्याकडे बघत राहिले, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "घरची गाडी आसताना लोकांच्या तोंडाकडं कशाला बघायचं?" त्यांनी कुंदाला पुढच्या सीटवर बसवलं, एसी लावला आणि सकाळपासून दुपारपर्यंत हरभऱ्यावरून गाडी पुढे-मागे, पुढे-मागे फिरवली. मी आणि आई दाताळ्याने हरभरा वरखाली करत होतो. चाकांखाली घाटे कडकड फुटायचे, भुशाचा धुरळा उडायचा, आणि काचेआड कुंदा हसत असायची. जन्मात पहिल्यांदा ती भर दुपारी शेताच्या कामाला होती. जेवायच्या वेळी आईने भाकरी, ठेचा आणि हरभऱ्याच्या पाल्याची भाजी काच खाली करायला लावून तिला दिली, तर म्हणाली, "मी उतरून जेवनार. कामावरची मानसं गाडीत जेवत न्हाईत." आणि बांधावरच्या बाभळीखाली बसून, डोक्यावर ओला पंचा घेऊन जेवली.

यानंतर पंधरा-वीस दिवसांनी ती मला म्हणाली, "ताई, गाडीतला वारा पातळ झालाय." मला काहीच कळलं नव्हतं. आप्पांनाही नाही. आम्हाला वारा लागत होता, गारही वाटत होता. पण कुंदाचं अंग म्हणजे काट्याचा तराजू. आठवड्याभरात आम्हालाही कळायला लागलं. फाट्यावर ट्रकांच्या रांगेत गाडी उभी राहिली की जाळीतून येणारा वारा कोमट व्हायचा.

आप्पांचं यंत्रांविषयीचं शास्त्र दोन वाक्यांत संपत असे. चालत नसेल तर तेल घाला; तेल घालूनही चालत नसेल तर ज्याने गळ्यात मारलं त्याला शिव्या घाला. एसीत तेलाच्या जागी गॅस असतो एवढं त्यांनी ऐकलं होतं. ते गाडी घेऊन मंचरला गेले. तिथला माणूस म्हणत होता, आधी तपासून बघू. आप्पा म्हणाले, "तपासायचं काय त्यात? सिलिंडर संपला की आपन सिलिंडर तपासतो का? भरा." त्याने भरला. सकाळच्या गारव्यात परत येताना आप्पा खुशीत होते. दुपारी गाडी दारात उभी करून एसी लावला, तर वारा आधीपेक्षाही गरम. आप्पांनी इंजिन बंद केलं, किल्ली आईच्या हातात दिली आणि सांगितलं, "यंदा परीक्षा नको. पुढल्या वर्षी बघू."

कुंदा रडली वगैरे नाही. तिने फक्त विचारलं, "पुढल्या वर्षी ऊन नसनार हाय का?" आणि ताट सारून पाटाकडे गेली. पाटाला पाणी नव्हतं. कोरड्या पाटात खुर्ची टाकून ती तशीच बसून राहिली. मला आप्पांचाही राग आला आणि त्यांची कीवही आली, कारण मागच्या वर्षी दवाखान्याच्या दारात ते कसे बसले होते ते मी पाहिलं होतं. परीक्षेला सात दिवस राहिले होते.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर शिपाईमामांच्या हातापाया पडून मागून आणला. मोज्यात गुंडाळून, दप्तरात वह्यांच्या मध्ये. तीन दिवस आम्ही दोघी आप्पांना घेऊन हिंडलो. आधी ते तयार नव्हते, पण कुंदा म्हणाली, "परीक्षा नको तर नको, निदान रोग तरी कळू द्या." वहीच्या शेवटच्या पानांवर मी रकाने आखले: गाडी चालू की उभी, ऊन की सावली, थर्मामीटर काय म्हणतो, आणि कुंदा काय म्हणते. शेवटच्या रकान्यात जाड, मध्यम, पातळ असे तिचे शेरे असत. थर्मामीटरला पारा हलवायला वेळ लागे. कुंदाचा शेरा आधी तयार असे. तिसऱ्या दिवशी चित्र स्वच्छ झालं. नाशिक रस्त्याला गाडी पळत असली की वारा जाड. उभी राहिली की पातळ. उन्हात उभी राहिली की गरम. संध्याकाळी जरा बरा. पेपर संपल्यावर तापलेल्या पोरीला ज्या क्षणी गार वारा हवा, नेमक्या त्याच क्षणी तो मिळणार नव्हता.

आळेफाट्याला ट्रकवाल्यांच्या हॉटेलांमागे चिंचेखाली गौतमभाऊंचं गॅरेज होतं. शटरच्या आत बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली रेडिओ, आणि रेडिओशेजारी त्यांच्या हत्यारांची इतकी नीट मांडणी, की आईने पाहिलं असतं तर तिला स्वतःच्या मांडणीची लाज वाटली असती. हा माणूस आधी ऐकायचा आणि मग हात लावायचा. माझी वही त्यांनी उलटसुलट वाचली. "जाड-पातळ म्हंजी काय?" त्यांनी विचारलं. मी कुंदाकडे बोट दाखवलं. ती गाडीतच होती, ओला पंचा खांद्यावर, मांडीवर तांब्या.

त्यांनी बॉनेट उघडून निळी आणि लाल अशा दोन नळ्या जोडल्या. दोन्हींना गॅसचा दाब दाखवणारी गोल घड्याळं होती. "आप्पा, गॅस कमी न्हाई, लई झालाय," ते म्हणाले.

"मग आदी का कमी गार व्हत व्हतं?"

"ते बघू. पन गॅस काय पेट्रोल हाय व्हय? जळून संपत न्हाई त्यो. गळला तरच कमी व्हतो. तुमी रोग रेड्याला आन औशद पखालीला दिलं राव."

जास्तीचा गॅस त्यांनी फुस्स करून सोडून दिला. तेव्हा तो असाच हवेत सोडत. आता यंत्राने परत ओढून घेतात. गाडी थोडी सुधारली, पण उभ्या गाडीत लाल नळीचा काटा पुन्हा वर चढायला लागला. पंखा फिरत होता. पुढची जाळी त्यांनी वाकून पाहिली, ती लख्ख होती. आप्पांचे रविवार वाया गेले नव्हते. गौतमभाऊंनी कान खाजवला. "कॉम्प्रेसर उतरवून बघावा लागंल. काही निघालं तर सामान पुन्याहून. आठ-दहा दिस धरा." परीक्षेला तीन दिवस होते. आप्पा चिंचेच्या बुंध्याला टेकले.

कुंदाने काच खाली केली. "भाऊ, ही पुढची जाळी कशासाठी आसती?"

"आतली गरमी गॅस गोळा करतो आन हितं आनून भाइर टाकतो. हितून वारा गेला की गरमी निघून जाती."

तिने मांडीवरच्या तांब्याकडे पाहिलं. "म्हंजी गाडीला घाम हितून येतो."

"तसंच म्हन की."

"मग तिच्या अंगावर पानी टाकून बघा ना." आणि तिने तांब्या खिडकीतून बाहेर धरला.

गौतमभाऊ हसले. पण हसत हसत त्यांनी तांब्या घेतला आणि जाळीवर ओतला. वाफ आली. लाल नळीचा काटा थरथरला आणि सरसर खाली उतरला. "जाड झाला," आतून कुंदा म्हणाली. दोन मिनिटांत पाणी सुकलं, काटा पुन्हा वर. "पातळ." त्यांनी बादली भरून आणली, पुन्हा ओतली. पुन्हा जाड. आता ते हसत नव्हते. तीन दिवस मी रकाने भरत होते आणि उत्तर माझ्या बहिणीच्या मांडीवर होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"यंत्रं सगळी धड हायेत," गौतमभाऊ म्हणाले. "गरमी हितूनच भाइर पडंना. पुढून साफ हाय, मग अडतंय कुठं?" एसीच्या जाळीमागे इंजिनाची जाळी असते, दोघींच्या मध्ये बोटभर जागा. त्यांनी वरची पट्टी खोलली आणि फटीत बॅटरी मारली. मग तार वाकवून आकडा केला, आत घातला आणि ओढला. राखाडी, दाबून बसलेली, गोधडीच्या तुकड्यासारखी लगदी बाहेर आली. मग आणखी एक. मग ओंजळभर. मी ती हातात घेऊन कुस्करली. हरभऱ्याचा भुसा होता. घाट्यांची टरफलं, काड्या, आणि मधोमध चार-पाच अख्खे दाणे. आंबूस वासही होता.

"आप्पा," गौतमभाऊंनी विचारलं, "हे गाडी हाय का खळं?"

आप्पा चिंचेच्या शेंड्याकडे बघत होते. "इंजिनचा काटाबी वर जात आसंल," गौतमभाऊ म्हणाले. "जायचा," आप्पा अगदी बारीक आवाजात म्हणाले. "मला वाटलं, ऊन हाय." चाकांनी उडवलेला भुसा पंख्याने खालून ओढला होता, आणि रविवारच्या धुण्याने तो तिथे आणखी घट्ट बसवला होता. हे सगळं त्यांच्या एकदम ध्यानात आलं असावं. ज्या गाडीसाठी गावाचे टोमणे खाल्ले, ती आपण आपल्याच हाताने गुदमरवली, हे त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली. "मीच केलं समदं," ते म्हणाले.

"आसूं द्या आप्पा," कुंदा म्हणाली. "मी जन्मात एकदाच मळनी केली. लई मजा आली व्हती."

गौतमभाऊंनी दोन्ही जाळ्या सोडवून, ब्रशने घासून, मागून पुढे पाणी मारून संध्याकाळपर्यंत काम संपवलं. दाणे कुंदाने मागून घेतले. गाडी चांगली वाटत होती. पण ऊन उतरलं होतं, आणि संध्याकाळी ती आधीही बरीच असायची. खरी पारख बाकी होती.

पहिला पेपर मराठीचा. तिला खिडकीजवळची जागा आणि ओला पंचा ठेवायची परवानगी मिळाली होती. मी आणि आप्पा शाळेबाहेर लिंबाखाली उभे. दोन वाजता ती बाहेर आली तेव्हा तिचं तोंड भाजल्या विटेसारखं झालं होतं, डोळे तारवटलेले आणि कपाळ कोरडं ठणठणीत. आप्पांनी तिला पुढे बसवलं, मी मागे बसले. गाडी पळत होती तोवर वारा गार होताच. पळताना तो नेहमीच असे. फाट्याला ट्रकांची रांग लागली होती, म्हणून आप्पांनी आतल्या रस्त्याने गाडी घातली. आणि एका वळणानंतर त्यांनी करकचून ब्रेक दाबला.

पुढे शंभर पावलं, सबंध रस्ताभर, हरभरा पसरलेला होता. बांधाच्या सावलीत एक बाई बसली होती. तिने हाताने खूण केली, या, या. "न्या की दादा वरून, तेवढीच मळनी व्हईल."

एकदा वरून गेल्याने काही झालं नसतं, हे आज मला कळतं. आप्पांना त्या दिवशी ते कोणी पटवून देऊ शकलं नसतं. "इंजिन बंद करू नका," एवढंच कुंदा म्हणाली. आप्पा उतरले, बाईच्या शेजारचा खराटा उचलला आणि रस्त्याच्या एका कडेने हरभरा बाजूला लोटायला लागले. बाई उठून अंगावर आली. "आवो, काय करताय? लोकं मुद्दाम वरून नेत्यात, तुमी सारताय?" आप्पांनी झाडता झाडता काहीतरी सांगितलं. ती काचेपाशी आली, कुंदाच्या तोंडाकडे तिने निरखून पाहिलं, आणि पदर खोचून दाताळं घेऊन दुसऱ्या टोकाने हरभरा ओढायला लागली.

गाडी भर उन्हात उभी होती. मी मागून वाकून इंजिनाच्या काट्यावर डोळे लावले होते. कुंदाने मनगट समोरच्या वाऱ्याच्या जाळीवर धरलं होतं. आजही कोणाच्याही गाडीत बसली की ती आधी असंच मनगट धरते, ड्रायव्हर बुचकळ्यात पडतात. एक मिनिट झालं. दोन झाली. मला विचारायचा धीर होत नव्हता. काटा मध्यावर होता, तिथेच होता.

"कसा हाय गं?" शेवटी मी विचारलं.

"जाड," ती म्हणाली. मग मान मागे टेकून तिने डोळे मिटले आणि पुन्हा म्हणाली, "लई जाड हाय, ताई." तिच्या तोंडावरची लाली उतरत होती. मला रडू आलं, आणि ते तिला दिसू नये म्हणून मी वही काढून उगाच आकडे बघत बसले.

तिने डोळे उघडले तेव्हा आप्पा निम्म्याच्या पुढे गेले होते. सदरा पाठीला चिकटलेला, मानेवरून ओघळ, हनुवटीवरून थेंब पडत होते. कुंदा पुढे वाकून त्यांच्याकडे बघत राहिली. मग माझ्यासारखीच नसती चौकशी केल्यासारखं तिने विचारलं, "ताई, घाम आल्यावर कसं वाटतं गं?"

इतक्या वर्षांत मी तिला शंभर प्रश्न विचारले होते, तिने मला हा पहिलाच. "चिकट वाटतं," मी म्हटलं. "पन वारा लागला की लई गार वाटतं."

आप्पा येऊन धप्पकन गाडीत बसले. कुंदाने आपल्या समोरची जाळी बोटाने फिरवली आणि सगळा वारा त्यांच्याकडे केला.

"तुझ्याकडं राहू दे, पोरी."

"माझं झालं. तुमाला घाम आलाय आप्पा, तुमाला जास्त लागंल."